क्षमेचे गणित

दुसऱ्यावर विश्वास केव्हा टाकावा आणि दगा झाल्यावर काय करावे? १९८० च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातील राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी या जुन्या प्रश्नावर संगणकात स्पर्धा भरवली. तज्ज्ञांनी पाठवलेले १४ प्रोग्रॅम एकमेकांशी २०० डावांचे सामने खेळले. प्रत्येक डावात पर्याय दोनच: सहकार्य किंवा दगा. दोघांनी सहकार्य केले तर प्रत्येकी ३ गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी १. एकानेच दगा दिला तर त्याला ५, भोळ्याला शून्य.

पहिला आला तो सर्वांत छोटा प्रोग्रॅम, अनातोल रापोपोर्ट यांचा ‘जशास तसे’. सुरुवात सहकार्याने करायची, पुढे समोरच्याने मागच्या डावात केले तेच करायचे. गंमत अशी, की एकाही सामन्यात तो प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. दग्यात तो कधी आघाडी घेतच नाही. कोणालाही न हरवता तो जिंकला.

पण माणसाच्या हातून चुका होतात. ‘जशास तसे’ वागणारे दोघे समोरासमोर आले आणि एकाकडून चुकून दगा घडला, की परतफेडीची साखळी तुटत नाही. १९९२ मध्ये मार्टिन नोवाक आणि कार्ल झिग्मुंड यांनी अशा चुका गृहीत धरून अनेक पिढ्यांचा खेळ संगणकात चालवला. आधी दगाबाज माजले. मग ‘जशास तसे’ने त्यांना आवर घातला. त्यानंतर त्याची जागा साधारण तीनांतला एक दगा सोडून देणाऱ्या उदार खेळाडूंनी घेतली.

हा क्रम महत्त्वाचा आहे. दगाबाजांच्या राज्यात उदार खेळाडू टिकला नसता. कठोरपणाने वाट मोकळी केल्यावरच क्षमा परवडली. शिवाय पडद्यावर दोघांचे गुणांचे कोष्टक एकच असते आणि उलट उत्तर देण्याची ताकदही सारखीच.

आपल्याकडे मालक आणि मजूर, सासर आणि सून यांचे कोष्टक एक नसते. तरी ‘झाले गेले विसरून जा’ हा उपदेश बहुधा उत्तर देऊ न शकणाऱ्यालाच ऐकवला जातो. त्याच्या गप्प बसण्याला आपण क्षमा म्हणतो. त्याला आधी ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. मगच त्याने क्षमा केली की नाही, हे विचारण्यात अर्थ आहे.