पाकिटावरचे खरे

आठव्या आज्ञेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर येते ती न्यायालयातील खोटी साक्ष, शेजाऱ्याविषयी उठवलेली कंडी, फार तर मुलांनी शाळेविषयी मारलेली एखादी थाप. दुकानातून आणलेल्या खाद्यपदार्थाचे पाकीट फोडताना ती आज्ञा कोणाला आठवत नाही. तरीही ज्या प्रश्नाचा नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी शतकानुशतके खल केला, तोच प्रश्न आज त्या पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. एखादे विधान शब्दाशब्दाने खरे असूनही असत्य ठरू शकते काय?

प्रश्न निव्वळ पुस्तकी वाटू नये म्हणून वाचकांना २०१५ सालच्या एका प्रकरणाची आठवण करून देतो. १९८३ पासून भारतीय घराघरांत शिरलेल्या 'मॅगी' नूडल्सचा एक नमुना २०१४ साली उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी तपासणीसाठी घेतला. पाकिटावर इंग्रजीत 'नो ॲडेड एमएसजी' असे शब्द होते. म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, ज्याला आपल्याकडे 'अजिनोमोटो' या व्यापारी नावानेच ओळखतात, ते वरून घातलेले नाही. गोरखपूरच्या प्रयोगशाळेला मात्र ग्लुटामेट आढळले. पुढे कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेने ग्लुटामेटबरोबर शिसेही असल्याचे कळवले, आणि तेही दहा लाख भागांत १७.२ भाग, जेव्हा मर्यादा होती २.५ भागांची. ५ जून २०१५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने हा माल बाजारातून परत घेण्याचा आदेश दिला. हजारो टन नूडल्स गोळा होऊन सिमेंटच्या भट्ट्यांत जाळल्या गेल्या. आपल्या विदर्भातील चंद्रपूरच्या कारखान्याचाही त्या कामी उपयोग झाला.

१३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली. कंपनीचे म्हणणे ऐकून घेतले गेले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती, ही त्यामागची कारणे. मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी झाली, शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटे पुन्हा दुकानांत आली. केंद्र सरकारने सुमारे ६४० कोटी रुपयांच्या भरपाईसाठी राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढे केलेली तक्रारही २०२४ साली फेटाळली गेली. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने कोणाला दोषी म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही, आणि तशी इच्छाही नाही.

शिशाचा प्रश्न प्रयोगशाळेने सोडवला. शब्दांचा प्रश्न मात्र कोणत्याही प्रयोगशाळेला सुटण्याजोगा नव्हता, आणि आम्हांस कुतूहल आहे ते त्याचेच.

कंपनीची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आम्ही एमएसजी घातलेले नाही, असे तिचे म्हणणे होते. मसाल्याच्या पुडीत शेंगदाण्यातील प्रथिनांचे विघटन करून तयार केलेला पदार्थ आहे, कांद्याची पूड आहे, गव्हाचे पीठ आहे; त्या सर्वांत ग्लुटामेट निसर्गतःच असते. हे खरे आहे. टोमॅटोत ते असते, जुन्या चीजमध्ये असते, आईच्या दुधात तर भरपूर असते. वरून घातलेले कोणते आणि अंगचे कोणते, हे रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीत वेगळे करून दाखवू शकत नाही. शिवाय घटकांच्या यादीत त्या प्रथिनाचे नाव होतेच. ज्याला वाचायचे होते त्याला वाचता आले असते.

म्हणजे विधान खरे होते. मग अडले कोठे?

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला संत अथानेशियस यांची एक परंपरागत कथा सांगितली जाई. चौथ्या शतकातील आलेक्झांड्रियाचे हे बिशप नाईल नदीतून नावेने निसटत असता पाठलाग करणारे जवळ आले. त्यांनी त्यांना न ओळखता अथानेशियस कोठे आहे असे विचारले. ते फार दूर नाहीत, असे उत्तर मिळाले आणि नावा पुढे निघून गेल्या. शब्द खरे, समज चुकीचा. पुढील काळात काही पंडितांनी या वाटेचा राजरस्ता केला: तोंडाने अर्धे वाक्य बोलावे, उरलेले मनात म्हणावे, म्हणजे खोटे बोलल्याचा दोष लागत नाही! १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी अशी मते त्याज्य ठरवली. तरीही संत अथानेशियस यांना कोणी लबाड म्हटले नाही. याचे कारण असे की विचारणाऱ्याला उत्तराचा अधिकार नव्हता. तो जीव घ्यायला आला होता. सत्य झाकता येते काय, एवढाच प्रश्न नसतो. ते कोणापासून झाकले जाते, त्या माणसाचा त्यावर हक्क होता की नाही, हेही पाहावे लागते.

आपल्या पैशाने आपल्या लेकरासाठी पाकीट विकत घेणाऱ्या आईचा त्यावर हक्क आहे. ती जीव घ्यायला आलेली नाही, जीव वाढवायला आली आहे. पाकिटावरचे ते शब्द तिच्यासाठीच छापलेले होते. कोणत्या रेणूचा उगम कोठला, हे तिचे कुतूहल नव्हते. तिने कोठेतरी ऐकले होते की अजिनोमोटो मुलांना बरे नसते, आणि तिच्या त्या धास्तीला पाकीट उत्तर देत होते: भिऊ नकोस, येथे ते नाही. वाक्य शास्त्रज्ञाच्या अर्थाने छापले गेले आणि आईच्या अर्थाने वाचले गेले. छापणाऱ्याला हे दोन्ही अर्थ माहीत असणार. नाहीतर ते शब्द छापण्याचा खर्च कोणी कशाला केला असता?

आम्हांस त्याहून खटकते ते असे. एमएसजी निरुपद्रवी आहे अशी खात्री असेल, तर ती गोष्ट सरळ सांगता आली असती. त्याऐवजी लोकांची भीती तशीच राहू दिली आणि तिच्या आधाराने माल विकला.

ही भीती तरी कितपत खरी आहे? आठवी आज्ञा कारखानदारापुरती नसून आपल्यालाही आहे. १९०८ साली टोकियोचे प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून हा चवीचा घटक वेगळा काढला. साधे, स्वस्त अन्न रुचकर होऊन आपल्या देशबांधवांचे पोषण सुधारावे, अशी त्यांची तळमळ होती. (गंमत अशी की त्याआधी स्वित्झर्लंडमध्ये ज्युलियस मॅगी यांनी डाळींच्या पिठाची सूपे काढली, तीही स्वयंपाकाला वेळ नसलेल्या कारखान्यांतील स्त्रियांचा विचार करून. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी गरिबांचे ताट होते.) १९६८ साली डॉ. रॉबर्ट हो मान क्वोक यांनी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून चिनी उपाहारगृहात जेवल्यावर आपल्याला मानेत बधिरपणा व धडधड जाणवते असे कळवले आणि संभाव्य कारणांत मद्य, मीठ यांबरोबर एमएसजीचेही नाव घेतले. तो केवळ तर्क होता. पण पत्राला जे शीर्षक मिळाले, त्याने एका संपूर्ण समाजाच्या स्वयंपाकघराला रोगाचे नाव चिकटले. नंतरच्या काटेकोर चाचण्यांत, जेवणाशिवाय एकदम मोठी मात्रा घेतल्यास काहींना थोडा वेळ त्रास होतो, यापलीकडे सातत्याने काही सिद्ध झाले नाही. युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१७ साली शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली, आणि काही वयोगटांत ती ओलांडली जाते असेही नोंदवले. तेव्हा हे विष नव्हे, आणि मुठीने टाकण्याची वस्तूही नव्हे. जे ठामपणे माहीत नाही ते ठामपणे सांगत सुटणे ही शेजाऱ्याविरुद्ध साक्षच होय, मग तो शेजारी चायनीजची गाडी लावणारा का असेना.

आमच्या गोंदियात हा विषय समजावून सांगणे तसे सोपे आहे, कारण हे भाताचे गाव आहे. येथील राइस मिलमध्ये वा बाजारात आलेले गिऱ्हाईक मूठभर तांदूळ तळहातावर घेते, हुंगते, एखादा दाणा दाताखाली धरते. कणी किती, जुना की नवा, हे त्याला कळते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याचा विचार करताना हाच भेद केला आहे. एका डोळ्याने आंधळा घोडा विकणाऱ्याने ते सांगत बसण्याचे कारण नाही, ते दिसतेच. जे व्यंग दिसत नाही आणि ज्याने घेणाऱ्याचे नुकसान होईल, ते मात्र सांगितलेच पाहिजे. त्यांनी धान्याच्या व्यापाऱ्याचेही उदाहरण घेतले आहे. टंचाईच्या गावी तो माल घेऊन आला; मागून आणखी व्यापारी येत आहेत हे त्याला ठाऊक आहे. ते सांगणे त्याला न्यायाने बंधनकारक नाही, पण सांगितले तर तो अधिक सद्गुणी, असा त्यांचा निर्णय. पाकिटाचे तसे नाही. तेथे तळहात नाही, नाक नाही, दात नाही. चकचकीत वेष्टनाने हे सर्व काढून घेतले आणि त्यांच्या जागी एक यादी दिली. ती यादीच आता गिऱ्हाइकाचा तळहात. तीत संदिग्धता ठेवणे म्हणजे गिऱ्हाइकाचा हात धरून ठेवण्यासारखे आहे.

आणि यादी वाचायची कोणी? देवरी, सालेकसा भागातल्या एखाद्या लहान दुकानात पाच-पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लोंबत असतात. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की नियम पुरा होतो. मराठीचे बंधन त्यात नाही. ज्या पुडीचे पृष्ठफळ शंभर चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, तिला २०११ च्या नियमांनी घटकांची यादी छापण्यापासून सूटच दिली. ती माहिती मोठ्या वेष्टनावर असली म्हणजे झाले. ते वेष्टन दुकानदाराकडे राहते. सर्वांत लहान पुडी सर्वांत गरीब घरात जाते, हे काही सूट देणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही.

नियम मुळीच सुधारले नाहीत असे मात्र म्हणू नये. एमएसजी वरून घातले असेल तर तसे छापणे, आणि बारा महिन्यांखालील बालकांस देऊ नये अशी सूचना करणे बंधनकारक आहेच. मार्च २०१६ मध्ये प्राधिकरणाने आपल्या अधिकाऱ्यांना कळवले की केवळ ग्लुटामेट आढळले म्हणून खटला भरू नये. पाकिटावर ते नाही असा दावा असेल आणि तपासणीत ते सापडले, तर कारवाई करावी. आमच्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता. पदार्थाचा दोष नव्हता, दाव्याचा होता.

आणखी एक बाजू आपल्या कुटुंबांच्या सहसा ध्यानात येत नाही. एमएसजीच्या जोडीला चव वाढवण्यासाठी ६३१ क्रमांकाचा एक पदार्थ वापरतात. तो वनस्पतीजन्य पिष्टापासून होतो, तसाच मांस वा मासळीपासूनही होऊ शकतो. नुसत्या क्रमांकावरून उगम कळत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच पदार्थाचे उदाहरण घेऊन सांगितले की घटक कितीही अल्प असो, तो वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला, हे उघड केले पाहिजे. आम्ही मासळी खाणारे लोक. आम्हांला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण नाताळात आपण शेजारच्या जैन किंवा वैष्णव घरी फराळाचे ताट पाठवतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीपुढच्या मांसाविषयी जे समजावले त्याचा आशय असा की स्वतःला मोकळीक आहे एवढ्यावर भागत नाही. दुर्बल भावाचा विवेक आपल्या मोकळिकीने दुखावू नये. शेजारी आपल्यावर भरवसा ठेवून ते ताट घेतो. त्या ताटावर ना यादी असते, ना हिरवा ठिपका. तेथे आपला शब्द हेच लेबल.

हे आम्ही आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाच्या बैठकीत बोललो. मंडळाच्या भगिनी सणाच्या विक्रीसाठी चिवडा, शेव व मसाला तयार करतात, आणि पुड्यांवर 'घरगुती' अशी चिठ्ठी चिकटवतात. एकीने सांगितले की शेवेत बाजारचा तयार मसाला पडतो व त्याच्या पाकिटावर ६२७ आणि ६३१ हे आकडे आहेत. तेही लिहायचे काय? दुसरी म्हणाली, "फादर, एवढे सगळे लिहिले तर घेईल कोण?" त्यावर बराच वेळ चर्चा झाली. तिसऱ्या एका वयस्कर बाईंनी मसाला घरीच कुटू असे सुचवले, तेव्हा कुटणार कोण यावर पुन्हा बोलणे लांबले. अखेर मराठीत व हिंदीत, ठळक अक्षरांत, आकड्यांसकट यादी लिहायची असे ठरले. 'घरगुती' हा शब्द ठेवावा की काढावा, हे मात्र पुढच्या बैठकीवर सोपवले आहे.