कुणाच्या हातून?

आमच्या मुठा खोऱ्यात आषाढाचा पाऊस लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. भातलावणीने दमलेली माणसे रात्री जमिनीवरच घोंगडी टाकून पडतात, आणि अशा वेळी मण्यार घरात शिरते. तिचे दात इतके बारीक, की चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही. माझ्या चुलत्यांना, आबांना, पहाटे पोटात कळ आली. उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागल्या. पिरंगुटवरून पुण्याला पोचलो तेव्हा श्वास नावापुरता उरला होता.

या विषाने स्नायूंना मज्जातंतूंचा हुकूम पोचेनासा होतो. छातीही हलत नाही. लुळेपणा आला की लस देऊनही तो लगेच ओसरत नाही. पण काही दिवसांनी शरीर स्वतःच सावरते. तेवढे दिवस दुसऱ्या कोणीतरी श्वास द्यायचा. 1952 साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांच्या सांगण्यावरून वैद्यकीचे विद्यार्थी रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबून रोग्यांना श्वास देत बसले होते. आता ते काम व्हेंटिलेटर करतो.

चौथ्या दिवशी आबांची बोटे हलली. आम्ही एकमेकांना चहा पाजला. सहाव्या दिवशी ताप चढला. विष उतरत होते आणि फुप्फुसे भरत होती. डॉक्टर म्हणाले, हा न्यूमोनिया इथे, व्हेंटिलेटरवर असताना झाला. नवव्या दिवशी आबा गेले.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विचारून विचारून समजून घेतले ते एवढेच, की जी नळी श्वास नेते तीच जंतूंनाही वाट देते. माणसाला खोकता येत नाही. नळीभोवतीच्या फुग्यावर लाळ साचते आणि थेंबाथेंबाने खाली झिरपते. म्हणून खाटेची उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर ठेवायची, तोंड स्वच्छ ठेवायचे, आणि प्रत्येक रोग्यापाशी जाताना हात धुवायचे.

गावात एकच निकाल लागला : दवाखान्याने मारले. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तक्रारीचा अर्ज तेवढा झणझणीत लिहा."

लिहिण्यासारखे आहेही. एक वॉर्डबॉय तेच हातमोजे घालून दोन खाटांवरून फिरलेला मी पाहिला आहे. पण मी आणखीही एक पाहिले आहे. तिसऱ्या दिवशी काकूंनी देवळातले तीर्थ बाटलीतून पाठवले होते. सिस्टरने बजावले, "काका, हात धुऊन या. तोंडात काही घालू नका." मी मान हलवली. ती पलीकडच्या खाटेकडे वळताच, एसटीचा दांडा धरून आलेले तेच बोट बुडवून मी तीन थेंब आबांच्या ओठांत सोडले. मण्यारीच्या विषाने पापणी उचलत नाही, पण शुद्ध जातेच असे नाही. माझे बोट त्यांनी ओळखले असेल.

(हाच मी 15 ऑक्टोबरला, हात धुवा दिनाला, पोरांना नळापाशी रांगेत उभे करतो.)

त्या तीन थेंबांनी आबा गेले का? कोणी सांगू शकणार नाही. त्या हातमोज्यांनी गेले का? तेही नाही. मग एक गोष्ट अर्जात यावी आणि दुसरी येऊ नये, हे कोणत्या न्यायाने? 1847 साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मरण झपाट्याने घटले. तरी पुष्कळ जाणत्यांना ते पटले नाही. ती माणसे दुष्ट नव्हती. बरे करणारा आपला हातच मरण नेतो, हे मानणे जड जाते. सेमेलवाइसने मात्र 1861 च्या ग्रंथात स्वतःच्या हातून गेलेल्यांचीही कबुली दिली. किती, ते देवालाच ठाऊक, असे त्याने मानले.

मला ती कबुली देता येईल असे वाटले होते. दोनदा कागद घेऊन बसलो. पण काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "बाकी काही नाही, शेवटी तीर्थ तरी पोचलं त्यांच्या मुखात." त्यांच्यापाशी आता तेवढेच उरले आहे. माझी सचोटी राखायला मी तेही काढून घ्यावे काय? आणि न घ्यावे, तर तो वॉर्डबॉयही कुणाचा तरी मुलगा असेलच.

पाडव्याला चुलतभाऊ अर्ज न्यायला येणार आहे. काकूही बरोबर येतील.