यांपैकी नाही

गावात त्याला सगळे 'साहेब' म्हणत. साहेब तो अजून झाला नव्हता. पुण्यात पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करत होता, पण गावाला तेवढं पुरतं. इतिहासात तो मध्यम, अर्थशास्त्रात त्याहून मध्यम. नातेसंबंधांच्या प्रश्नांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. 'फोटोतल्या मुलाकडे बोट दाखवून एक मुलगी म्हणाली, याच्या आईचा एकुलता एक भाऊ माझा बाप. तर तो तिचा कोण?' हा प्रश्न इतरांचा वाचून होईस्तोवर याचं 'आतेभाऊ' लिहून झालेलं असे. पुरुषाला अधिक, बाईला वजा, नवरा-बायकोत आडवी दुहेरी रेघ, पिढी बदलली की उभी रेघ. नवख्या पोरांना तो एकच गोष्ट बजावायचा : प्रश्नात नाही ते गृहीत धरायचं नाही, आणि आहे ते गाळायचं नाही.

आबा गेले. दिवसकार्य उरकल्यावर पाच एकरांच्या वारस नोंदीचा विषय निघाला. जमीन आबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली; सातबाऱ्यावर त्यांचं एकट्याचं नाव. मृत्यूचा दाखला आला होता, आठ-अचा उतारा काढून झाला होता. शपथपत्राला जोडायची वंशावळ तेवढी राहिली होती.

"साहेब, तुझा हातखंडा आहे. काढ," थोरले चुलते म्हणाले. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. "वर आबा. खाली मी. शेजारी तुझा बाप. झालं."

साहेबाने काढली. तीन अधिक, दोन उभ्या रेघा. काय राहिलंय ते त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याचे खानावळीचे पैसे दर महिन्याला अण्णाच पाठवत. त्याचे वडील खांबाला टेकून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अण्णांची चिमी आठवीत, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली. तिने कोडंच समजून कागद पुढ्यात ओढला.

"दादा, चुकलंय. वजा एकही नाही. आबांना एकट्यालाच पोरं झाली?"

ओटीवर कोणीतरी हसलं. आजी हसली नाही.

"आणि कोल्हापूरचा दादा कुठं बसवू? मी राखी बांधते त्याला. त्याच्या आईचा थोरला भाऊ माझा बाप, म्हणजे तो माझा आतेभाऊ. पण धाकटी आत्याच नाही यात, मग रेघ काढू कुठून?" तिने पेन्सिल दातांत धरली. "मग पर्याय चार. यांपैकी नाही."

नात्यांची कोडी आपल्याकडे जुनीच. वेताळाच्या शेवटच्या गोष्टीत एक बाप परक्या मायलेकींतल्या मुलीशी लग्न करतो आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी. या दोन जोडप्यांच्या पोरांचं एकमेकांशी नातं काय, असं वेताळ विचारतो आणि राजा गप्प राहतो. राजा गप्प राहिला, कारण त्याला उत्तर येत नव्हतं. ओटीवर सगळ्यांना येत होतं.

वारसा कायदा 1956 चा. मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्याच्या स्वकष्टाच्या जमिनीत विधवा, मुलगे, मुली यांना सारखा वाटा; मुलगी बापाआधी गेली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. साहेबाला हे पाठ होतं. अण्णांनाही ठाऊक होतं, म्हणून तर वंशावळीत कोण कोण घालायचं हे तलाठ्याला न विचारता त्यांनी पुतण्याला कागद दिला होता.

"अगं, तुझी आत्या हक्कसोड देणारच आहे," अण्णा म्हणाले. "कोल्हापूरची पोरंही देतील. मग नावं चढवायची कशाला? भाऊबीजेला कधी कमी केलंय का मी?"

"अण्णा, सोडायला आधी हक्क कागदावर लागतो," साहेब म्हणाला. "ज्याचं नावच नाही त्याने सोडायचं काय?"

त्याने नवा कागद घेतला. आबांच्या शेजारी वजा काढून दुहेरी रेघ मारली. "आजी, पोरं झाली त्या क्रमाने सांग."

"पहिली थोरली आत्या. मग अण्णा. मग एक मुलगा, चार दिवसांचा गेला." आजी थांबली. "तो लिहायचा असतो का रे?"

"लिहायचा." त्याने 'बालपणी मयत' लिहिलं. आजीने कागद जवळ घेतला, वाचता येत नसताना.

"मग धाकटी. मग तुझा बाप."

"या शपथपत्रावर मी सही करणार नाही," अण्णा म्हणाले.

"नको करू. मी अंगठा देते," आजी म्हणाली. "बायको मी आहे त्यांची."

चिमीचा हिशेब तोवर पुढे गेला होता. "पाच वाटे, एकेक एकर. कोल्हापूरच्या दादा-ताईला मिळून एक, म्हणजे वीस-वीस गुंठे."

"हे शिकायला ठेवलाय होय तुला पुण्यात?" अण्णा साहेबाकडे बघून म्हणाले आणि चपला घालून शेताकडे गेले.

नोटिशीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. सहा नावं चढली. त्या महिन्यात खानावळीचे पैसे आले नाहीत, पुढच्याही नाहीत. साहेबाने पेठेत पाचवीच्या पोरांची शिकवणी धरली.