बटाट्याचे ऋण

बटाट्याचे नवे वाण घडवणाऱ्याला त्यावर पूर्ण मालकी सांगता येईल का? माझ्या मते, नाही. 1845 नंतर आयर्लंडमध्ये करप्याने पीक कुजले, सुमारे 10 लाख माणसे दगावली. त्या रोगाला तोंड देणारी जनुके पुढे मेक्सिकोच्या रानबटाट्यांत सापडली. मूळ पीक तर अँडीजच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे निवडून जपलेले. इतरांकडून असा वारसा मिळण्याला आपल्याकडे ऋण म्हणतात. यावरचा एक आक्षेप रास्त आहे: बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, हवे ते गुण एकत्र आणायला दहाएक वर्षे जातात, मोबदल्याविना हे कोण करेल? मोबदला जरूर द्यावा. पण श्रमाचे मोल मिळाले म्हणून वंशावर हक्क येत नाही. भारताच्या 2001 च्या वाणसंरक्षण कायद्याने पैदासकाराबरोबर शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा हक्कही मानला आहे. तो आकसू देऊ नये.