गिऱ्हाइकाची नीति

विक्रेत्याच्या अप्रामाणिकपणाविषयीं आपल्या समाजांत जितकें बोललें जातें, तितकें गिऱ्हाइकाच्या अप्रामाणिकपणाविषयीं कोणी बोलत नाहीं. दुधांतलें पाणी, काट्यांतलें पाप आणि कापडाचा आंखूड गज यांवर आपण घरोघर टीका करतों. घेणाराच्या लबाडीला मात्र 'व्यवहारचातुर्य' असें गोंडस नांव देऊन मोकळे होतों. हा पक्षपात कां व्हावा, असा प्रश्न मलाही परवांपर्यंत पडला नव्हता. एका ध्वनिवर्धक यंत्राच्या खरेदीनें मला त्याकडे वळविलें. आणि त्या प्रकरणांत लबाडी करणारा मी स्वतःच असल्यामुळें त्याची हकीकत सांगण्याचा अधिकार मला आहे, असें मी समजतों.

आमचें घर आटगांव स्टेशनाहून तानसा तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. कॉलेजांत शिकवून लोकलनें परत येईपर्यंत दिवेलागण होते, आणि चित्रपट पाहावयाचा तर पुन्हा गाडी धरावी लागते. म्हणून मुलांनीं टूम काढली कीं, घरींच त्याची सोय करावी: मोठा टीव्ही, सभोंवतीं पांच स्पीकर, आणि त्या सर्वांना चालविणारा एक अ‍ॅम्प्लिफायर. पत्नीचें म्हणणें एवढेंच होतें कीं, त्यावर किशोरीताईंचें गाणेंही नीट ऐकूं यावें. निवड कशी करावी हें मात्र कोणालाच ठाऊक नव्हतें. मी तत्त्वज्ञान शिकवितों. वॅट आणि ओहम यांच्याशीं असलेला माझा परिचय शाळेबरोबरच संपला होता.

शहापूरच्या बाजारांत एका तरुणाचें लहानसें दुकान आहे. लग्नाच्या मांडवांना स्पीकर भाड्यानें देणें हा त्याचा मूळचा धंदा. मागच्या खोलींत घरगुती यंत्रें ऐकवून विकण्याचा उद्योग त्यानें नव्यानें मांडला होता. त्याच्याकडे मी ओळीनें तीन रविवार गेलों. त्या तीन दिवसांत त्यानें मला जें शिकविलें, तें एखाद्या चांगल्या शिक्षकानें शिकवावें तसें होतें.

पहिली गोष्ट अशी कीं, खोक्यावरच्या मोठ्या आंकड्यापेक्षां त्याखालचीं बारीक अक्षरें अधिक खरें बोलतात. यंत्रावर '१५० वॅट' असें छापलेलें असतें. पण पुष्कळदां तो आंकडा एकच वाहिनी चालू ठेवून, एकाच मधल्या स्वरावर, आणि स्वर दहा टक्के विकृत होईपर्यंत ताणून मोजलेला असतो. तेंच यंत्र दोन वाहिन्यांवर, खर्जापासून तारापर्यंतच्या सर्व स्वरांवर, नगण्य विकृति ठेवून मोजलें, तर ऐशीच्या आसपास उतरावें. पांचही वाहिन्या एकदम चालविल्या तर त्याहूनही कमी. अशा फुगविलेल्या आंकड्यांना आळा घालण्यासाठीं अमेरिकेंत १९७४ सालीं सरकारला स्वतंत्र नियम करावा लागला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. शक्ति दुप्पट केली म्हणून आवाज दुप्पट होत नाहीं. तो अवघा तीन डेसिबलनें वाढतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटण्यास शक्ति सुमारें दसपट लागते. आमच्या बारा बाय पंधराच्या खोलींत साधारण स्पीकर एका-दोन वॅटांतच भरपूर बोलतो. तबल्याची थाप किंवा चित्रपटांतला गडगडाट यांसाठीं क्षणभर त्याच्या अनेकपट शक्ति हाताशीं असावी लागते, म्हणून कांहीं शिल्लक हवी. पण ती शिल्लक ऐशी वॅटांत पुरेपूर होती. "सर, याच्या वरचें घेऊं नका, वीस हजार फुकट जातील," असें तो म्हणाला. ज्या मालांत त्याला नफा अधिक, त्याच मालापासून त्यानें मला परावृत्त केलें.

तिसरी गोष्ट तुलनेची. दोन यंत्रांचा आवाज मोजून सारखा केला नाहीं, तर किंचित् मोठें वाजणारें यंत्रच सरस वाटतें. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान असतां खर्जाचे स्वर कानाला अधिकच क्षीण वाटतात. आवाज वाढला कीं तेच स्वर भरून येतात. म्हणून महाग यंत्र हळूच थोडें मोठें वाजविणें ही विक्रेत्यांची एक युक्ति असते. या तरुणानें मापक हातांत घेऊन दोन्ही यंत्रें एका पातळीवर आणलीं, आणि मगच मला डोळे मिटून ऐकावयास सांगितलें.

यंत्र ठरलें. त्यानें किंमत सांगितली शेहेचाळीस हजार. "घरीं विचारून कळवितों," असें म्हणून मी उठलों, आणि पुढच्या शनिवारीं कॉलेज सुटल्यावर थेट लॅमिंग्टन रोड गांठला. तेथील दुकानदारानें मला मोठें यंत्र मोठ्या आवाजांत ऐकविलें. मीं त्याला आवाज सारखा करावयास सांगितलें. त्यानें दीडशें वॅटांचा उल्लेख केला. मीं त्याला बारीक अक्षरें दाखविलीं. गिऱ्हाईक जाणकार आहे असें पाहून त्यानें घासाघीस आवरती घेतली: बिलासह साडेबेचाळीस, बिलाशिवाय चाळीस. मीं बाणेदारपणें बिल मागितलें. साडेतीन हजार वांचवून आणि शिवाय कर न बुडविल्याचें पुण्य पदरीं बांधून मी घरीं आलों. शहापूरला मात्र मीं कांहींच कळविलें नाहीं.

यांत चुकलें काय? प्रथम मीं स्वतःची वकिली करून पाहिली. बाजार मोकळा आहे. जेथें स्वस्त मिळेल तेथें घ्यावें, यांत अधर्म नाहीं. कायद्याकडे पाहिलें, तर १९३० च्या मालविक्रीच्या कायद्याचें सामान्य तत्त्व असें कीं, ग्राहकानें आपलें हित आपण पाहावें. मात्र आपली गरज सांगून तो विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबला, तर विक्रेत्याची जबाबदारी वाढते. १९८६ च्या आणि त्याच्या जागीं आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें ही जबाबदारी आणखी विस्तारली, आणि तें योग्यच झालें. परंतु जो ग्राहक एकाच्या ज्ञानावर विसंबतो आणि माल दुसऱ्याकडून घेतो, त्याच्या कर्तव्याविषयीं कायदा स्तब्ध आहे. कायदा स्तब्ध असला कीं आपण निर्दोष असतों, अशी आपली समजूत असते.

सिसेरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत एक कोडें आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें जहाज घेऊन येतो. मागून आणखी जहाजें येत आहेत, हें त्याला ठाऊक आहे. तें त्यानें सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें विकावें? बाबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, खोटें न बोलणें एवढेंच त्याचें कर्तव्य. अँटिपेटर म्हणतो, माणसांमाणसांतल्या नात्याचा विचार केला तर सांगणें प्राप्त आहे. आणि सिसेरोचा कौलही त्याच बाजूला पडतो. हें कोडें मीं वर्षानुवर्षें वर्गांत मांडलें. पण त्यांतला व्यापारी तो नेहमीं विकणारा, असेंच समजून मांडलें. शहापूरच्या त्या खोलींत गुपित माझ्यापाशीं होतें. मी कदाचित् येथें विकत घेणार नाहीं, हें मला ठाऊक होतें; त्याला नव्हतें.

येथें एक भेद केला पाहिजे. घासाघीस करतांना आपण किती रुपयांपर्यंत चढूं, हें कोणी सांगत नाहीं. विकणाराही आपली खरेदीची किंमत सांगत नाहीं. या झांकपाकीची दोघांनाही कल्पना असते, म्हणून तिला फसवणूक म्हणतां येत नाहीं. परंतु 'मी गिऱ्हाईक आहें' असा भास ठेवून कोणाचे तीन रविवार घेणें, ही त्या खेळांतली चाल नव्हे. शिवाय किंमत म्हणजे नुसत्या वस्तूचें मोल नसतें. किंमत ठरवितांना गुंतवणूक, जकात, व्याज, भाडें हे सारे खर्च मोजावे, असें कौटिल्यानेंही सांगून ठेविलें आहे. शहापूरच्या किंमतींतले ते साडेतीन हजार म्हणजे ती मागची खोली, तो मापक आणि ते तीन दिवस. तेवढेंच मीं दिलें नाहीं. बाकी सर्व घेतलें.

आमच्या तालुक्यास हें निराळें समजावयास नको. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून येथलें पाणी नळांतून मुंबईला जातें, आणि उन्हाळा आला कीं याच शहापूर तालुक्यांतले कित्येक पाडे टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईला या उपकाराची जाणीव नाहीं, असें मी सभांतून अनेकदां बोललों आहें, आणि आजही तें मला खोटें वाटत नाहीं. पण मीं तरी काय केलें? ज्ञान शहापुरांतून उपसलें आणि मोल मुंबईला भरलें.

आषाढांतल्या एका संध्याकाळीं मुलांनीं स्पीकर हलविला आणि यंत्र बंद पडलें. चालू केलें कीं टिक् असा आवाज होऊन पुन्हा बंद. मुंबईच्या दुकानानें फोनवर सांगितलें, यंत्र घेऊन या. पाऊस कोसळत होता. शेवटीं पत्नीनें शहापूरला फोन केला, आणि तासाभरांत तो तरुण मोटारसायकलवरून भिजत आला. स्पीकरच्या तारेचा एक केसाएवढा धागा सुटून शेजारच्या तारेस टेंकला होता. म्हणून यंत्र स्वतःच्या बचावासाठीं बंद पडत होतें. त्यानें धागा पिळून बसविला, घरीं येण्याचे तीनशें रुपये घेतले, आणि चहा घेतां घेतां सहज विचारलें, "सर, कितीला पडला?"

मीं 'पंचेचाळीस' म्हणून सांगितलें.

लाभ लहान दिसला तर अपराधही लहान दिसेल, असा माझा हिशेब. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "पंचेचाळीसला तर मींच दिला असता. एकदां विचारायचें होतें." त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. पहिल्या वेळीं मीं त्याचे श्रम घेतले होते. या वेळीं माझी अब्रू झांकण्यासाठीं, आपल्याच हातून विक्री निसटली अशी हळहळ त्याच्या मनांत घालून दिली होती. मौनाचें संरक्षण करावयास असत्यच यावें लागतें, हें वर्गांत शिकविणें सोपें आहे.

पुढच्या रविवारीं मीं जाऊन खरा आंकडा सांगितला. तो रागावला नाहीं. "साडेबेचाळीसला मला परवडलें नसतें," तो म्हणाला. "पण आधीं बोललां असतां, तर ऐकविण्याचे पैसे घेतले असते, आणि तुम्हीही मोकळे, मीही मोकळा." त्याच्या मागें भिंतीवर एक नवी पाटी होती: ऐकविण्याचे पांचशें रुपये, खरेदी केल्यास वजा.

पाटी न्याय्य आहे. यापुढें कोणी त्या खोलींत बसला, तर त्याला कसलें ओझें राहणार नाहीं. तरीही ती वाचतांना मला बरें वाटलें नाहीं. कारण पूर्वीं जें एकमेकांच्या शब्दावर चालत होतें, तें आतां पाटीवर चालूं लागलें, आणि ती पाटी लावण्यास माझ्यासारखीं गिऱ्हाइकें कारण झालीं. भाव करावा, अवश्य करावा. पुरता हिशेब पाहावा, बिल घ्यावें, बारीक अक्षरेंही वाचावींत. पण व्यवहार संपल्यावर जी गोष्ट समोरच्यास तोंडावर सांगतां येणार नाहीं, ती व्यवहारांत करूं नये. हा नियम आपण विकणाराला फार पूर्वींच लागू केला आहे. तो घेणाराला लागू करावयाचा राहिला आहे.