उधारीचे कान

'इंडियन ओशन' हा बँड १९९० साली दिल्लीत सुष्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी सुरू केला. असीम २००९च्या डिसेंबरमध्ये गेले, सुष्मित २०१३मध्ये बाहेर पडले. म्हणजे आज मंचावर संस्थापकांपैकी कुणीच नसतं. राहुल राम आणि अमित किलम हे जुने. पण असीम गात ती गाणी आता हिमांशू जोशी गातात, गिटार निखिल राव वाजवतात. तरी लोक जुना बँड म्हणूनच ऐकायला जातात. मीही जातो.

सॉफ्टवेअरवाल्यांना याचं नवल वाटू नये. दहा वर्षांत कोडच्या कितीतरी ओळी बदलतात, लिहिणारे नोकरी सोडून जातात, नाव मात्र तेच. पण कोड कुणी लिहिला हे वापरणाऱ्याला ऐकू येत नाही. गाण्यात गळा बदलला की पहिल्या सुरालाच कळतं. मग नवे गायक आपण स्वीकारले कसे? मला वाटतं, नावानं त्यांना आधी उधारीवर कान मिळवून दिले. ते ताकदीचे आहेत हे त्यानंतर कळलं.

ही उधारी नवख्याला कुणी देत नाही. पुण्यात अशाच एका जुन्या बँडच्या आधी एक मुलगी गायला आली. एकटीच, हातात गिटार. खानदेशातल्या जात्यावरच्या ओव्या तिनं रॉकच्या ठेक्यात बसवल्या होत्या. निम्मे लोक वडापावच्या रांगेत. माझ्या शेजारचे दोघे घरभाड्याबद्दल मोठमोठ्यानं बोलत होते. तिसऱ्या गाण्यात तिचा सूर घसरला आणि मागून "पुढचे येऊ द्या!" अशी आरोळी आली. तासाभरानं बँडचा गायक शब्द विसरला, तर त्याच लोकांनी ओळ पुरी करून दिली, वर टाळ्या.

तिकीट बँडचं काढलं होतं, हे खरं. त्या पैशात उशिरा यायचा हक्क मिळतो. समोर कुणी गात असताना भाड्याचा हिशेब करायचा हक्कही त्यातच येतो का? मित्र म्हणतो, आवडत नसेल तर ऐकायचं सोंग कशाला. सोंग नकोच. पण आवडत नाही हे कळायलासुद्धा आधी ऐकावं लागतं.

आणि ही सगळी गाणी लोकगीतांवरची, हे जास्त खटकतं. 'मा रेवा' हे नर्मदाकाठचं पारंपरिक गाणं. राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाओ आंदोलनात होते. असं गाणं टिकतं, कारण ते अधिक चांगलं ऐकलेल्या माणसांनी दर वेळी कुणा कच्च्या गळ्याकडूनही ते ऐकून घेतलेलं असतं. जात्यावर दोघी समोरासमोर बसत. सासरी नवी आलेली बिचकत ओवी म्हणायची आणि समोरचीचा हातही त्याच खुंट्यावर असायचा.