दंड आणि देणे

नीतिशास्त्राची चर्चा करणारे ग्रंथकार उदाहरणे निवडताना बहुधा मोठ्या प्रसंगांकडेच पाहतात. बुडती नौका, न्यायासनापुढील साक्ष, मारेकऱ्यापासून लपवून ठेवलेला मित्र, असल्या प्रसंगांनी त्यांची पाने भरलेली असतात. हे प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांच्या वाट्यास जन्मात एकदाही यावयाचे नाहीत. उलट, मुदत काल संपलेला पास खिशात घालून आज गाडीत चढलेला गृहस्थ आणि त्याच्यासमोर येऊन उभा राहिलेला तिकीट तपासनीस, हा प्रसंग आगगाडीने जाणाऱ्या कोणावरही येण्यासारखा आहे. रक्कम क्षुल्लक असते. परंतु त्या दोन-चार मिनिटांत मनुष्याच्या मनात जे वादळ उठते ते क्षुल्लक नसते. ह्या प्रसंगी नीतीचा प्रश्न नेमका कोठे उत्पन्न होतो, तिकिटाच्या दोषात की तो दोष उघड झाल्यानंतरच्या वर्तनात, ह्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम तिकीट म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. भाडे देणे आणि तिकीट बाळगणे ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतो. वस्तुतः त्या भिन्न आहेत. पुठ्ठ्याच्या छापील तिकिटांची पद्धत इंग्लंडात टॉमस एडमन्सन नावाच्या स्टेशनमास्तरने १८४० च्या सुमारास रूढ केली. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक असे आणि विकतेवेळी त्यावर तारखेचा ठसा उमटविला जाई. त्यामुळे किती तिकिटे खपली व पेटीत किती पैसे असावयास पाहिजेत ह्याचा मेळ घालता येऊ लागला. म्हणजे उतारूइतकीच कारकुनावरही नजर ठेवण्याची ही युक्ती होती. तिकीट हा भाडे दिल्याचा पुरावा होय, खुद्द भाडे नव्हे, हे ध्यानात धरले म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. पास घरी विसरलेल्या किंवा मोबाइलमधील तिकीट बॅटरी संपल्यामुळे दाखवू न शकणाऱ्या मनुष्याने भाडे दिलेले आहे. त्याच्यापाशी पुरावा नाही इतकेच. प्रतीक्षायादीतील ई-तिकीट घेऊन निघालेल्या मनुष्याची स्थिती नेमकी उलट असते. तक्ता तयार होताना त्या तिकिटावरील एकाही नावास जागा मिळाली नाही, तर ते तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे त्याच्या बँकेतील खात्यात परत जातात. त्याच्या हातातील कागद तसाच राहतो. ‘मी पैसे भरले आहेत’ असे तो शपथेवर सांगतो, आणि त्यात त्याचा खोटेपणा नसतो. परंतु ते पैसे त्याचेच त्यास परत मिळालेले असतात.

ह्या भेदाकडे कायद्याने दुर्लक्ष केलेले नाही. १८९० च्या रेल्वे कायद्यात फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासास एक कलम होते आणि तिकिटावाचून किंवा अपुऱ्या तिकिटावर केलेल्या प्रवासास त्याच्या पुढचे दुसरे. १९८९ च्या अधिनियमातही तीच विभागणी कलम १३७ व १३८ ह्यांत कायम राहिली. पहिल्यात हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि शिक्षा सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत सांगितली आहे. दुसऱ्यात हेतूचा प्रश्नच नाही. भाडे आणि त्यावर जादा आकार इतकेच मागितले जाते. हा आकार भाड्याइतका, पण कमीत कमी ठराविक रकमेचा असतो. आरंभी ती रक्कम पन्नास रुपये होती. २००४ साली ती अडीचशे करण्यात आली. म्हणजे गाडीत ज्याच्याकडून पावती देऊन पैसे घेतले जातात, त्याला ‘तू चोर आहेस’ असे कायदा म्हणत नाही. ‘तुझ्याकडे येणे आहे, आणि हिशेबाच्या वेळी पुरावा न ठेवल्याबद्दल अधिक इतके दे’ एवढेच तो म्हणतो.

चोर म्हणतात ते शेजारी बसलेले लोक. आणि खरे म्हणजे तेही तोंडाने म्हणत नाहीत. ते फक्त पाहतात. आपल्या पांढरपेशा वर्गास ह्या पाहण्याची जेवढी धास्ती वाटते तेवढी अडीचशे रुपयांची वाटत नाही. मग तो गृहस्थ आवाज चढवितो, आपला हुद्दा सांगतो, कोणा ओळखीच्या अधिकाऱ्याचे नाव घेतो, किंवा अगदीच नाइलाज झाला म्हणजे तपासनीसास दाराजवळ नेऊन, पावतीवाचून थोडक्यात मिटविण्याची गोष्ट हळूच काढतो. येथपर्यंत जी केवळ चूक होती ती येथे प्रथमच अनीती होते. दोनशे रुपये वाचविण्यासाठी त्याने एका नोकराला त्याच्या धन्याशी बेइमान केले. पास संपल्याचा दोष विस्मृतीचा होता. हा दोष मात्र पूर्ण शुद्धीवर असताना केलेला आहे. तरीही डब्यातील लोकांची नजर चुकली म्हणून त्यास आपली अब्रू वाचल्यासारखे वाटते! अब्रू आणि शील ह्यांची आपल्या समाजात जी गल्लत झाली आहे तिचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वात शंख आणि लिखित ह्या दोन भावांची कथा आहे. धाकटा लिखित वडील भावाच्या आश्रमात गेला. भाऊ घरी नव्हता. तेव्हा झाडाची पिकलेली फळे तोडून तो निःशंकपणे खात बसला. शंख परत आल्यावर त्याने विचारले, आणि ऐकून सांगितले की ही चोरी झाली. राजाकडे जा आणि दंड मागून घे. लिखित सुद्युम्न राजाकडे गेला. राजा त्यास क्षमा करावयास तयार होता, कारण दंड करण्याचा अधिकार ज्याचा आहे त्याचा क्षमेचाही आहे, असे त्याचे म्हणणे. परंतु लिखिताने दंडावाचून दुसरे काही घेतले नाही, आणि त्याचे हात तोडले गेले. पुढे शंखाच्या सांगण्यावरून बाहुदा नदीत स्नान करताच ते हात त्यास परत मिळाले. मग लिखित सहजच विचारतो की, तुझ्या तपाचे एवढे सामर्थ्य होते तर तूच मला आधी शुद्ध का केले नाहीस? शंख उत्तर देतो की, तुला दंड करण्याचा अधिकार माझा नव्हता.

फळांसाठी हात तोडणे आजच्या मनास क्रूर वाटते, आणि ते तसे आहेच. परंतु त्या कथेतील दोन गोष्टी आमच्या विषयास फार जवळच्या आहेत. एक तर लिखिताच्या मनात पाप नव्हते. भावाची फळे ती आपलीच, असे समजूनच त्याने ती खाल्ली. आगगाडीविषयी ‘सरकारची म्हणजे आपलीच’ असे म्हणणारे ह्याच समजुतीचे आधुनिक अनुयायी होत. दुसरी गोष्ट अधिकाराची. तपासनीसास दया येते, ‘जाऊ द्या, पुन्हा करू नका’ असे तो म्हणतो, आणि आपण त्याच्या भलेपणाची तारीफ करीत घरी येतो. पण त्याने सोडले ते त्याचे नव्हते. सुद्युम्न राजा होता, त्याला क्षमा शोभली असती. दुसऱ्याच्या तिजोरीतून औदार्य दाखविण्याचा अधिकार नोकरास कोठून येणार? त्या माणसाच्या कनवाळूपणाला आम्ही नावे ठेवीत नाही. भाड्याचे देणे त्याच्या शब्दाने फिटले नाही, एवढेच आमचे म्हणणे.

येथून पुढचा प्रश्न ओघानेच येतो. तपासनीस आलाच नाही, आणि पास संपल्याचे घरी आल्यावर ध्यानात आले, तर काय? गणित जाणणारे कोणी म्हणतील की, ह्यात हिशेबाचा प्रश्न आहे, नीतीचा नाही. मुंबईच्या उपनगरी गाडीचे दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे २०२५ साली पाच रुपये होते. धरले गेल्यास पाच आणि अडीचशे मिळून दोनशे पंचावन्न. तेव्हा एक्कावन्न खेपांत एकदाहून कमी वेळा जो सापडतो तो फायद्यात राहिला! हा हिशेब अंकांत बिनचूक आहे. पण त्यात दंडाला भाड्याची जागा दिली आहे. दंड हा चुकविणाऱ्यांवरील वचक होय. तो भरला नाही तर आपण फक्त सुटलो. भाडे भरले नाही तर आपण देणेकरी राहिलो. आणि ते देणे शेवटी शेजारी उभ्या असलेल्या, तिकीट काढून आलेल्या माणसाच्या अंगावर जाते. प्रवाशांच्या भाड्यातून प्रवासाच्या खर्चाचे सरासरी शेकडा सत्तावन्नच वसूल होतात, असे रेल्वेनेच २०१६ पासून तिकिटांवर छापण्यास आरंभ केला होता. न दिलेल्याची भर त्या तुटीतच पडते.

म्हणून आमच्या मते अशा वेळी तेवढ्याच रकमेचे तिकीट विकत घेऊन फाडून टाकावे. कोणास हे हास्यास्पद वाटेल. परंतु अमेरिकेच्या खजिन्यात सदसद्विवेकाच्या टोचणीने नाव न सांगता पाठविलेल्या पैशांचे एक निराळे खाते १८११ पासून आहे. तेव्हा ही टोचणी आमच्या कल्पनेतली नव्हे, एवढे सिद्ध होते. मात्र लिखिताप्रमाणे स्वतः जाऊन अडीचशे रुपयांचा दंडही मागावा, असे आम्ही म्हणत नाही. मागण्याचा अधिकार ज्याचा, त्याने तो मागावा. न मागितलेला दंड स्वतःवर लादून घेण्यात पुष्कळदा पश्चात्तापापेक्षा प्रौढी अधिक असते.

ह्याहून गंभीर एक प्रकार ह्याच वर्गात सर्रास चालतो, आणि त्यात विस्मृतीची सबबही नसते. पाच वर्षांखालील मुलास भाडे नाही, पाच ते बाराच्या आत अर्धे. मुलाचे बारावे सरून सहा महिने झालेले असतात, आणि आई निघताना त्यास बजावते, ‘कोणी विचारले तर अकरा सांग हं.’ मुलगा शाळेत आपल्या वयाचा अभिमान बाळगणारा. तो चकित होऊन वडिलांकडे पाहतो, आणि वडील खिडकीबाहेर पाहतात. अर्ध्या तिकिटाची ही बचत पुढे किती महाग पडते हे ठरविण्याचे साधन आमच्यापाशी नाही. परंतु सत्य बोलावे हा धडा त्याच मुलाने त्याच घरात पाटीवर गिरविलेला असतो. मनुस्मृतीत चोरीचा दोष शूद्रास आठपट तर ब्राह्मणास चौसष्ट पट किंवा त्याहूनही अधिक सांगितला आहे, तो जाणतेपणावरून. तिच्यातील वर्णभेदाची चौकट आम्ही केव्हाच टाकून दिली आहे, आणि अनेक ठिकाणी तीच स्मृती ह्याच्या नेमके उलट बोलते हेही आम्ही विसरलेलो नाही. परंतु ज्यास अधिक कळते त्याचा दोष अधिक, हे तत्त्व शिकलेल्या घरांनी आपल्यापुरते तरी लावून पाहावयास हरकत नसावी.

आता एक गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळे ह्या सगळ्या विवेचनास आम्हांस स्वतःलाच मुरड घालावी लागते. आतापर्यंत आम्ही जो दंड सहज भरून टाकता येईल असे गृहीत धरले, तो सर्वांस सहज भरता येत नाही. कायद्यास दया नाही असे नव्हे. पुरुष सोबती नसलेल्या स्त्रीस किंवा मुलास वाटेल त्या स्टेशनावर उतरवून देता येत नाही, जेथून प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे ठिकाण असावे लागते, आणि तेही दिवसाउजेडी, असा निर्बंध १९८९ च्या अधिनियमाने घातला आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम १३८ प्रमाणे पैसे न देणाऱ्यास मॅजिस्ट्रेटपुढे नेता येते, आणि तेथेही रक्कम न भरल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद सांगितली आहे. पास संपल्याचे विसरलेला गृहस्थ पैसे मोजून पावती खिशात घालतो आणि पुढच्या गाडीने कचेरीत वेळेवर पोहोचतो. कामाच्या शोधात निघालेला, चुकीच्या गाडीत बसलेला एखादा मजूर, ज्याच्या कनवटीस परतीच्या भाड्यापुरतेच पैसे आहेत, तो त्याच दोषासाठी, त्याच कलमाखाली, दहा दिवस तुरुंगात राहू शकतो. दोघांच्याही मनात फसवणूक नव्हती. कायद्यानेही दोघांस चोर म्हटलेले नाही. तरीसुद्धा त्या मजुराच्या गावी दहा दिवसांनंतर जी बातमी पोहोचते तिच्यात ही सूक्ष्म भेदरेषा कोणी सांगत नाही. आणि त्याची दहा दिवसांची मजुरी कोणत्या पावतीवर लिहिली जाते, हे आम्हांस त्या अधिनियमात कोठे आढळले नाही.